खापराला लागणारा लोणा

वायीक्राच्या सहाव्या अध्यायात भांड्यांविषयी एक नियम आहे. पापार्पणाचे मांस ज्या मातीच्या भांड्यात शिजवले ते भांडे फोडून टाकावे. भांडे तांब्याचे असेल तर मात्र घासून पाण्याने धुतले की पुरे. पुढे तल्मूदच्या पेसाहीम भागात रब्बींनी यावरून असे ठरविले की, मातीच्या भांड्याच्या अंगात जे एकदा मुरले ते त्यातून पुरतेपणी कधीच निघत नाही. म्हणून पेसाहसाठी तांब्यापितळेची भांडी उकळत्या पाण्याने कोशेर करता येतात, मातीची येत नाहीत. कोकणातले आपले पूर्वज तर पेसाहला 'अनशी ढाकायचा सण' म्हणत, म्हणजे आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. मडके काय धरून ठेवते हे त्यांनाही ठाऊक होते.

या नियमामागे जे पदार्थविज्ञान आहे त्याच्याशी आज इस्रायलमधील वस्तुसंग्रहालयांचा रोजचा झगडा चालू आहे. तेथे प्रश्न मांसाच्या रसाचा नसून मिठाचा असतो. अडीच-तीन हजार वर्षे जमिनीत सुखरूप राहिलेले भांडे बाहेर काढल्यावर काही वर्षांतच कपाटात भुरभुरू लागते. हे का होते आणि त्यावर काय उपाय करतात, ते आज पाहू.

तांबे घट्ट असते, भाजलेली माती सच्छिद्र असते. कुंभार माती मळतो, चाकावर घडवतो, वाळवतो आणि भट्टीत भाजतो. उष्णता ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणी निघून जाते, आणि मग ते भांडे पाण्यात घातले तरी त्याचा पुन्हा चिखल होत नाही. प्राचीन काळच्या बहुतेक भट्ट्या ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान चालत. एवढ्या उष्णतेने भांडे पक्के होते, पण कण वितळून एकजीव होत नाहीत. त्यासाठी १२०० अंशांच्या आसपासची किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. तेव्हा साध्या मडक्याच्या अंगात केसाहून बारीक अशा असंख्य वाटा उरतात.

या वाटांचा उपयोग आपण सर्वांनी केलेला आहे. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच वाटांमुळे. पाणी आतून बाहेर पाझरते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जाते. पण दोन-तीन उन्हाळे झाले की माठाच्या अंगावर पांढरी खर दिसू लागते आणि तो पूर्वीइतके पाणी गार करीत नाही. कारण पाणी वाफ होऊन निघून गेले तरी पाण्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत. ते दाराशीच, म्हणजे छिद्राच्या तोंडाशी, बसून राहतात आणि वाट बंद करतात.

याहून चांगले उदाहरण मिठाच्या मडक्याचे. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या घरांत खडेमीठ मडक्यात ठेवीत. पावसाळ्यात ते मडके बाहेरून ओले दिसे, पावसाळा सरला की कोरडे होई, आणि काही वर्षांनी त्याच्या बाहेरच्या अंगाचे पापुद्रे सुटून पडत. आतले अंग मात्र शाबूत असे. जुन्या घराच्या भिंतीला जोत्याजवळ जो लोणा लागतो, ज्याने चुना फुगतो आणि बोट लावताच गळतो, तोही हाच प्रकार. आपल्या भाषेत या रोगाला नेमका शब्द आहे तेव्हा तोच वापरावा हे बरे. प्राचीन खापराला जडतो तोही लोणाच होय.

आता लोणा लागतो म्हणजे काय होते ते पाहू. मीठ पाण्यात विरघळलेले असते तोपर्यंत ते निरुपद्रवी असते. पाणी आटले की त्याचा स्फटिक बनतो, आणि स्फटिकाला जागा लागते. तो छिद्राच्या भिंतीवर आतून जोर करतो. एका स्फटिकाचा जोर तो किती असणार! परंतु हवा दमट झाली की स्फटिक पुन्हा विरघळतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बनतो, आणि दर वेळी थोडा थोडा जोर करतो. खाण्याच्या मिठाच्या बाबतीत ही सीमारेषा ठरलेली आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते, खाली आली की पुन्हा घट्ट होते. मातीत नुसते मीठ नसते, त्याबरोबर नायट्रेटेही असतात, जी जनावरांच्या शेणमुतातून आणि कुजलेल्या पदार्थांतून येतात, आणि सल्फेटेही असतात. अनेक क्षार एकत्र आले की सीमारेषा आणखी खाली सरकते व तिचा अंदाज बांधणे अवघड होते. यांतील सोडियम सल्फेट विशेष दुष्ट आहे, कारण त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू बरोबर घेऊन स्फटिक बनवू शकतो. त्यामुळे कोरड्या रूपाच्या तिपटीहून अधिक जागा त्याला लागते.

स्फटिक नेमका कोठे बनतो यावर सर्व अवलंबून आहे. भांडे सावकाश वाळले तर ओल पृष्ठभागापर्यंत येत राहते, वाफ तेथेच होते, आणि क्षार बाहेरच्या अंगावर खरीसारखे जमतात. ते दिसायला वाईट दिसते, पण ब्रशाने झाडता येते. भांडे कडक उन्हात झपाट्याने वाळले तर ओल वर पोहोचण्याआधीच आत वाफ होते आणि स्फटिक पृष्ठभागाच्या थोडे खाली बनतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी वरचा पापुद्राच्या पापुद्रा उचलला जातो. चकाकी दिलेल्या, म्हणजे काचेचा थर असलेल्या भांड्यांत तर वाफेला बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून स्फटिक त्या थराच्या खालीच बनतात आणि त्याच्या कपच्या उडवतात.

जमिनीत असताना हे का झाले नाही, असा प्रश्न कोणीही हुशार विद्यार्थी विचारील. उत्तर असे की खोल जमिनीत ओल जवळजवळ स्थिर असते. भांडे आणि माती यांचा समेट झालेला असतो. कुदळ लागते, भांडे उन्हात येते, आणि हजारो वर्षांचा समेट एका दुपारी मोडतो. रोग जमिनीत जडतो, पण उमटतो तो बाहेर आल्यावर.

यासाठी आपण तेल अरादकडे जाऊ. (हिब्रूत 'तेल' म्हणजे प्राचीन वस्तीचे ढिगार बनलेली टेकडी. शनिवार तेल्यांच्या वंशजांनी गैरसमज करून घेऊ नये. तरी पुढे खरेखुरे तेलही येणार आहे.) दिमोना, बेरशेवा, येरुहाम येथे राहणाऱ्या आपल्या लोकांना ही जागा जवळची आहे, आजच्या अराद शहराच्या पश्चिमेला ती आहे. अलिबागला वर्षात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जमिनीतले मीठ धुऊन समुद्रात नेतो. नेगेवच्या या भागात पाऊस २०० मिलिमीटरच्याही आत. एवढ्या पावसाने जमिनीतले क्षार धुतले जात नाहीत, नुसते ओले होतात आणि उन्हाने पुन्हा वर ओढले जातात. त्यात रात्री दव पडते आणि दुपारी हवा फुफाट्यासारखी कोरडी होते. म्हणजे विरघळणे आणि गोठणे हा खेळ वर्षातून एकदा नव्हे, कित्येकदा रोज चालतो.

या टेकडीवर १९६२ ते १९६७ या काळात योहानान अहारोनी यांनी यहुदाच्या राज्यातील किल्ल्याचे उत्खनन केले. तेथे शंभराच्या आसपास हिब्रू लिहिलेली खापरे सापडली. त्या काळी कागद नव्हता आणि पपायरस महाग होता, म्हणून फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर काळ्या शाईने चिठ्ठी लिहीत. अनेक चिठ्ठ्या एल्याशीव बेन एश्याहू या अधिकाऱ्याच्या नावाने आहेत. अमक्या शिपायांना इतका द्राक्षारस दे, इतके पीठ दे, तेल दे, अशा हुकुमांच्या. इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराच्या त्या आहेत, म्हणजे पहिले बेथ हमिक्दाश पडण्याच्या थोडी वर्षे आधीच्या. आपल्या पवित्र ग्रंथातील राजे ज्या काळी राज्य करीत होते त्या काळी कोठीवरचा कारकून कसा लिहीत असे, हे आपणास या खापरांवरून कळते. संदेष्टा यिर्मयाने अनाथोथच्या शेताचे खरेदीखत टिकून राहावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले होते. अरादला खुद्द भांड्याचा तुकडाच कागद झाला.

आता विचार करा. ही शाई खापराच्या कोणत्या भागावर आहे? अगदी वरच्या पापुद्र्यावर. आणि लोणा सर्वांत आधी काय खातो? तोच वरचा पापुद्रा. जाड रांजणाच्या अंगाचा नखाएवढा थर गेला तरी रांजण रांजणच राहतो. चिठ्ठीचा तेवढा थर गेला तर उरतो तो नुसता दगडासारखा तुकडा. कुंभाराच्या बोटांचे ठसे, मुठीवरची राजमुद्रा, रंगाचे पट्टे, घोटून आणलेली चमक, हे सारे ज्ञान खापराच्या कातडीवर असते.

म्हणूनच खोदकामात सापडलेले खापर ब्रशाने घासण्यापूर्वी क्षणभर पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी निरखून पाहण्याची पद्धत पडली. ओल्या खापरावर फिकी शाई अधिक गडद दिसते. आधी घासले असते तर अक्षरे ब्रशाबरोबर गेली असती, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पाहण्यात किती राहून जाते, याचेही उदाहरण अरादचेच आहे. १९६५ मध्ये सापडलेल्या सोळाव्या क्रमांकाच्या खापराची मागची बाजू पन्नास वर्षे कोरी समजली जात होती. २०१७ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली, तेव्हा मागे तीन ओळी निघाल्या. पत्र लिहिणाऱ्या हनन्याहूने एल्याशीवकडे द्राक्षारस मागितला होता! मधल्या पन्नास वर्षांत कोणी उत्साहाने ती 'कोरी' बाजू खसखसून धुतली असती तर?

तेव्हा पेच असा आहे. मीठ काढायचे तर पाणी हवे, आणि पाण्याने तर लिखाण जाण्याची भीती. या पेचातून प्रत्येक वस्तूसाठी वेगळी वाट काढावी लागते. लेखन नाही, रंग नाही, भांडे नीट भाजलेले आहे, अशा साध्या खापरासाठी भिजवण हाच उत्तम उपाय आहे. प्रथम वर जमलेली खर कोरड्या मऊ ब्रशाने झाडून घेतात. ती ओली करावयाची नाही, कारण ओली केली की तेच मीठ पुन्हा आत जाते. मग भांडे एकदम पाण्यात बुडवीत नाहीत. छिद्रांत हवा असते. चारही बाजूंनी पाणी घुसले तर कोंडलेली हवा नाजूक पापुद्रा उडवून बाहेर पडते. म्हणून भांडे थोड्याशा पाण्यात उभे ठेवतात. केशाकर्षणाने पाणी खालून वर चढते आणि हवेला वरून निघून जायला अवधी मिळतो. वात तेल कशी वर ओढते ते डोळ्यांपुढे आणावे.

यानंतरचे काम धीराचे आहे. आपल्या घरांत मांस कोशेर करताना अर्धा तास भिजवतात, मीठ लावून तासभर ठेवतात आणि मग पुन्हा पुन्हा धुतात. एकदा धुऊन का भागत नाही? कारण पहिल्या पाण्यात मीठ उतरते आणि ते पाणी खारट होते; खारट पाणी आणखी मीठ ओढून घेत नाही. भांड्याचेही तसेच. मीठ जास्तीकडून कमीकडे जाते, आणि आतबाहेर सारखे झाले की थांबते. शाळेत आपण यालाच विसरण म्हणत होतो. तेव्हा पाणी बदलावे लागते, सुरुवातीला रोज, पुढे काही दिवसांनी. पहिली पाणी साध्या नळाची चालतात, शेवटची डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेल्या पाण्याची असावी लागतात, कारण नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात. पातळ वाटीला काही दिवस पुरतात. जाड बुडाच्या रांजणाला कित्येक आठवडे, क्वचित महिने.

मीठ संपले हे कसे ओळखावयाचे? चव घेऊन नव्हे. परीक्षानळीत भिजवणीचे थोडे पाणी घ्यावे, पातळ नायट्रिक ॲसिडचे काही थेंब टाकावेत आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे. पाणी दुधासारखे पांढरे झाले तर क्लोराइड, म्हणजे मीठ, अजून आहे. हा प्रयोग आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेला असेल. बोटावर पडलेला काळा डाग कित्येक दिवस जात नसे तोही आठवत असेल. परंतु ही परीक्षा फक्त क्लोराइड दाखवते, नायट्रेट आणि सल्फेट दाखवीत नाही. म्हणून आता पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतात. शुद्ध पाण्यातून ती जेमतेम वाहते. क्षार जितके अधिक तितकी अधिक वाहते. रोजचे आकडे वहीत मांडीत जावे. आधी ते झरझर उतरतात, मग हळूहळू. स्वच्छ पाणी घालूनही काही दिवस आकडा वर जाईनासा झाला की थांबावे. नंतर भांडे सावलीत, वारा न लागू देता, सावकाश वाळवावे. सारी मेहनत करून शेवटी भांडे उन्हात ठेवणारा माणूस तीन पाऊलवाटा चालून चौथ्यावर घसरतो.

पेसाहीमच्या रब्बींचे मत यामुळे खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. त्यांनी म्हटले ते 'पुरतेपणी' निघत नाही असे, आणि प्रयोगशाळेतला आकडाही शून्यावर कधी येत नाही.

भांड्याचे पापुद्रे आधीच सुटत असतील तर भिजवण्यापूर्वी त्यांना आधार द्यावा लागतो. यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळेसारखे द्रव्य वापरतात. त्याचे ॲसिटोनमध्ये अगदी पातळ द्रावण करून कुंचल्याने पाजतात. ते कण धरून ठेवते, पण छिद्रे पुरती बुजवीत नाही, त्यामुळे मीठ हळूहळू का होईना बाहेर येऊ शकते. त्याचा मोठा गुण असा की पुढे कधी नको वाटले तर ॲसिटोननेच ते पुष्कळसे काढता येते. दोषही आहे. ४० अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते, तेव्हा नेगेवच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या भांड्याचे त्याने जोडलेले सांधे सरकतात.

जुने उपाय पाहिले की हे शास्त्र किती ठेचा खाऊन शिकले ते कळते. विसाव्या शतकाच्या मध्यास विरघळणाऱ्या नायलॉनची फार वाहवा झाली. ते लावावे, त्यातून पाणी आणि मीठ आरपार जाईल, आणि हवे तेव्हा काढून टाकता येईल, असे मानीत. काही वर्षांनी दिसून आले की ते काळाने घट्ट होते, मग कशातच नीट विरघळत नाही, आणि वर धूळ ओढून धरते. लाखेचे आणि मेणाचे लेप त्याआधीचे. लाख पिवळी-तांबूस होते, आणि लेपाने बाहेरची वाट बंद झाल्याने मीठ लेपाखालीच स्फटिक बनवून लेपासकट कातडी उतरवते. माठाला बाहेरून रंग दिला तर काय होईल याचा विचार केला असता तरी हे सुचले असते.

सर्वांत मोठा घात मात्र ॲसिडने केला. या देशातील जमीन चुनखडीची. खापरांवर चुन्याचा कडक थर बसतो आणि तो पाण्याने जात नाही. उत्खननांत पुष्कळ वर्षे पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बादलीत खापरे टाकण्याची रीत होती. फेस येई, थर जाई, खापर लखलखीत निघे. पण ॲसिडने चुना विरघळला की कॅल्शियम क्लोराइड तयार होते, आणि तो हवेतली ओल अधाशासारखी ओढणारा क्षार आहे. नीट न धुतलेल्या खापरात माणसाने स्वतःच्या हाताने लोणा भरला, असाच त्याचा अर्थ. शिवाय येथील जुन्या कुंभारांनी स्वयंपाकाच्या भांड्यांच्या मातीत पुष्कळदा कॅल्साइटचे खडे मिसळलेले असत. ॲसिड ते खडेही खाते आणि भांडे आतून पोकळ होते. आता जाणते लोक चुन्याचा थर भिंगाखाली धारदार पात्याने थोडा थोडा काढतात, आणि जेथे तो निरुपद्रवी आहे तेथे राहू देतात.

काही वस्तू भिजवावयाच्याच नसतात. अर्धवट भाजलेली किंवा नुसती उन्हात वाळवलेली माती पाण्यात विरून जाईल. शाई आणि कच्चा रंग यांची कथा वर सांगितलीच. पूर्वी प्लास्टरने भरून जोडलेली भांडीही पाण्यात उकलतात. अशांना पोटीस बांधतात. होय, गळवाला बांधतो तेच. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून अंगावर थापतात; ओल आत जाते, मीठ विरघळते, आणि लगदा वाळताना मीठ त्याच्याबरोबर बाहेर ओढले जाते. लगदा काढून नवा लावावा. यालाही मर्यादा आहे, लिखाणावर तो सरळ थापता येत नाही.

भिजवणीविरुद्ध आणखी एक आक्षेप आहे, आणि तो दिवसेंदिवस वजनदार होत चालला आहे. भांड्याच्या अंगात मीठच मुरलेले असते असे नाही. तेल, द्राक्षारस, मेण, चरबी यांचे अंशही मुरलेले असतात आणि आज रसायनशास्त्रज्ञ ते ओळखू शकतात. अरादच्याच देवस्थानातील दोन दगडी वेद्यांचे पाहा. उत्खननानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने त्यांवरच्या काळ्या अवशेषांची परीक्षा झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकीवर जनावराच्या चरबीत मिसळलेला ऊद निघाला, दुसरीवर शेणात मिसळलेली भांग! ते अवशेष कोणी स्वच्छतेच्या हौसेने काढून टाकले असते तर हे कधीच कळले नसते. म्हणून हल्ली प्रत्येक प्रकारातील काही खापरे मुद्दाम न धुता बाजूला ठेवण्याकडे कल आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो.

मग न धुतलेल्या, मीठ भरलेल्या खापराला वाचवावयाचे कसे? मीठ काढता येत नसेल तर त्याला हलू देऊ नये. हवेची आर्द्रता एकाच पातळीवर ठेवली तर मीठ विरघळणार नाही आणि पुन्हा गोठणारही नाही. अंक कोणता यापेक्षा तो वरखाली न होणे महत्त्वाचे. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून हे पुष्कळ अंशी साधते. येथे अश्दोद, अश्केलोनसारख्या किनाऱ्यावरच्या गावी अडचण मोठी आहे, कारण उन्हाळ्यात रात्री आर्द्रता ७५ च्या रेषेपुढे जाते आणि दिवसा वातानुकूलन यंत्र लावले की खाली येते. म्हणजे आपण सुखासाठी लावलेले यंत्र दर दिवशी एक फेरा पुरा करते. आणि कपाट ओक लाकडाचे नसावे. तशा लाकडातून व्हिनेगरसारखी आंबट वाफ निघत राहते, तिचा खापरातील क्षारांशी संयोग होऊन कापसाच्या तंतूंसारखे नवेच स्फटिक उगवतात. लाकडी कपाटांत ठेवलेल्या मातीच्या वस्तूंवर असे स्फटिक सापडलेले आहेत. लोखंडी, भट्टीत रंग पक्का केलेले कपाट दिसायला रुक्ष, पण खापराला तेच मानवते.

समुद्रातून निघालेल्या भांड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. जून २०२४ मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने जाहीर केले की उत्तर किनाऱ्यापासून सुमारे ९० किलोमीटर आत, १८०० मीटर खोल पाण्यात, कनानी काळातील सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या गलबताचे रांजण सापडले आहेत. नैसर्गिक वायूचा शोध घेणाऱ्या कंपनीच्या यंत्रांना ते दिसले आणि त्यांतील दोन वर काढण्यात आले. असा रांजण नखशिखांत खारट पाण्याने भरलेला असतो. त्याला पहिला नियम एकच, वाळू देऊ नये. एकदा वाळला की सारे मीठ एकाच वेळी स्फटिक होईल. म्हणून अशी भांडी समुद्राच्याच पाण्यात ठेवून, मग त्या पाण्यात गोडे पाणी वाढवीत वाढवीत, पूर्ण गोड्या पाण्यावर आणतात, आणि पुढे वर सांगितल्याप्रमाणे भिजवतात.

शेवटी थोडे आपल्या घरच्यासाठी. हिवाळ्यातल्या पहिल्या पावसानंतर टेकड्यांवर खापरे उघडी पडतात आणि नातवंडे खिसे भरून आणतात. मुलांना रागावू नये, पण समजावून सांगावे. १९७८ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे अशी सापडलेली वस्तू सरकारची असते आणि पंधरा दिवसांच्या आत खात्याला कळवावे लागते. उत्तम म्हणजे खापर जागेवरून उचलूच नये. छायाचित्र घ्यावे, जागा नीट लिहून ठेवावी आणि कळवावे. आधीच घरी आले असेल तर आजीने ते भांड्यांच्या साबणाने घासून, गच्चीवर उन्हात वाळवून, टीव्हीवर मांडून ठेवू नये. व्हिनेगर तर मुळीच लावू नये, तेही ॲसिडच आहे. माती लागलेली तशीच ठेवावी. कोरडे असेल तर कागदात सैल गुंडाळून सावलीत, ओले असेल तर ओलेच, हवाबंद पिशवीत. समुद्रकिनाऱ्यावर सापडले असेल तर त्याच समुद्राच्या पाण्याच्या डब्यात ठेवावे. आणि दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून एकदा पाहाव्यात. काळी रेघ दिसली तर बोटही न लावता लगेच फोन करावा.